एकसारखा वारा

रविवारी दुपारी राजकन्या ताटात तुरीची डाळ निवडत बसली होती आणि डाळ हलली. ताट कलंडलं नव्हतं, कुणाचा धक्काही लागला नव्हता. ताटाच्या मधे बोटानं मोकळी केलेली जागा होती, तिकडं कडेच्या चार-पाच डाळी हळूच सरकत आल्या, थंडी भरल्यासारख्या थरथरल्या आणि तिथंच बारीक नाचत राहिल्या. खडा धरलेली तिची चिमूट वरच्या वर थांबली. मग तिनं डावा तळवा मागच्या भिंतीला लावला. भिंतीत काहीतरी होतं. त्याला आवाज नव्हता. लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू असावी आणि तिचा पट्टा आपल्या मनगटाच्या हाडावरून फिरत असावा, तसं. समोर तिचा नवरा व्यंकट पेपर तोंडावर घेऊन सतरंजीवर आडवा झाला होता. पंखा फिरत होता. चार मजले खाली कुणीतरी पाइपनं स्कूटर धूत होतं आणि ते पाणी पडल्याचा आवाज अगदी निवांत वरपर्यंत येत होता.

"काय झालं?" व्यंकटनं पेपरच्या आतून विचारलं. अठरा वर्षांच्या संसारात त्याला बायको गप्प झाल्याचंही ऐकू यायला लागलं होतं.

"काही न्हाई. खडे लई हायेत डाळीत."

तिनं ताट ओट्यावर ठेवलं, चप्पल पायांत सरकवली, कोथिंबीर आणते म्हणाली आणि जिना उतरू लागली. पळायचं नाही, असं ती पायांना बजावत होती. खाली पार्किंगमध्ये गुरुलिंगअप्पा खुर्ची टाकून बसले होते. ते तिच्या बरोबर खालच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायचे. देवणीकडच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले, बायको गेल्यापासून एकटेच, आणि एकटे असल्यामुळं इमारतीचा सगळा कारभार अंगावर घेतलेले. इमारतीला लिफ्ट नव्हती. गुडघ्यांमुळं ते सकाळी एकदा खाली उतरले की संध्याकाळपर्यंत वर जायचे नाहीत.

"कोथिंबीर?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हाव, अप्पा."

"काल बी आणलीस यव्वा, परवा बी आणलीस. वर गाय बांधली काय?"

ती कसनुसं हसली आणि फाटकाबाहेर लिंबाखाली जाऊन उभी राहिली. चप्पल काढून एक पाऊल मातीवर टेकवलं. माती शांत होती. मालेगाव रोडवरून रिक्षा चालल्या होत्या, लिंबाच्या फांद्या सगळ्या एकाच बाजूला कललेल्या होत्या, आणि माती मात्र निजलेल्या जनावराच्या पाठीसारखी गप्प. दहा मिनिटांनी ती कोथिंबिरीची जुडी घेऊन वर आली, तेव्हा भिंतही गप्प झाली होती. ओट्यावर ताट तसंच होतं आणि डाळीतली ती मोकळी जागा अर्धी बुजली होती.

होळीनंतर ते या घरात राहायला आले आणि आखाडापासून हे सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, कधी सलग तीन दिवस. व्यंकटला तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो भिंतीला हात लावून बघायलासुद्धा उठला नव्हता. तो वाईट माणूस नव्हता. मुखेडकडच्या कोरडवाहू घरातला, बांधकाम खात्यात कारकून, आवाज न चढवणारा. तो नुसता तिच्याकडं बघत राहिला होता, आणि त्या बघण्यात इतकी माया होती की तिला तीच सोसली नाही. पुढच्या आठवड्यात तो तिला एका डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी गाव विचारलं. किल्लारी म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुढं काही विचारलंच नाही. सगळ्यांचं असंच व्हायचं. गावाचं नाव सांगितलं की लोकांना तिच्याबद्दल सगळं कळल्यासारखं वाटायचं. गोळ्या मिळाल्या. गोळ्यांनी झोप यायची, दुपारी जीभ जड व्हायची आणि भिंत हलायची ती हलायचीच. मग तिनं सांगणं बंद केलं. दोनांतलं एकच खरं असणार, असं तिला वाटायचं. एक तर जमीन हलते आहे, नाहीतर मी हलले आहे. कधीकधी, विशेषतः भांडी घासताना, ती पहिल्याची इच्छा करायची आणि मग स्वतःलाच भ्यायची. सगळ्या शहराचं वाटोळं झालं तरी चालेल, पण मी शहाणी ठरावी, असं हे कसलं मागणं!

आठ वर्षांपूर्वीची ती परीक्षा तिच्या डोळ्यांपुढून हलायची नाही. आयटीआय करून, भूकंपग्रस्ताचं प्रमाणपत्र लावून तिला नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली होती. त्या दिवशी वरच्या मजल्यावर प्रॅक्टिकल चालू होतं आणि टेबलावरच्या मोजपात्रातलं पाणी थरथरलं. ते तिनं पाहिलं आणि पुढचं तिला धड आठवत नाही. लोक सांगतात की ती ओरडली. सगळी पोरं जिन्याकडं धावली आणि गर्दीत एका मुलीचं मनगट मोडलं. खाली रस्त्याचं काम चालू होतं. थरथरत खडी दाबणारा रोलर फाटकासमोरून हळूहळू चालला होता आणि त्याचा ड्रायव्हर तंबाखू मळत वर बघत होता, एवढी पोरं का पळून राहिली म्हणून. तिला लेखी नोटीस मिळाली. त्याहून वाईट म्हणजे ती 'भूकंपबाई' झाली. ज्या मुलीचं मनगट मोडलं ती पुढं पास होऊन गेली, पण जाताना भेटायला आली आणि म्हणाली, मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या पोरीच्या चांगुलपणाची आठवण राजकन्याला अजून एखाद्या दुपारी घाम फोडायची.

खरं तर तो भूकंप तिला आठवतच नव्हता. नऊ वर्षांची होती. झोपेतून शुद्धीवर आली ती शेजारच्या माणसाच्या खांद्यावर, फटफटलेल्या उजेडात, तोंडात माती. आई गेली, हे तिला कुणी सांगितलं तेही आठवत नाही. आठवतात ते पुढचे महिने, पत्र्याच्या शेडमधले. जमीन पुन्हापुन्हा बारीक हलायची, म्हशीनं माशी उडवायला कातडी हलवावी तशी, आणि प्रत्येक वेळी बाप्या माणसं हातातलं काम टाकून उभी राहायची. तिचा बाप किशन कुठंही बसायच्या आधी तळवा जमिनीवर ठेवायचा. शेतात, एसटीच्या थांब्यावर, दुसऱ्याच्या लग्नात पंगतीलासुद्धा. थोडा वेळ डोळे बारीक करून ऐकायचा आणि मग बसायचा. तिनंही ते उचललं. पोरींना आईबापांकडून केसांचं वळण मिळतं, तिला तळवा मिळाला. नवीन गावठाणात सरकारी घर मिळालं, सरळ गल्ल्या, सगळी घरं सारखी. पण बाप मरेपर्यंत अंगणातच निजला. लग्न झाल्यावर ती नांदेडला सतरा वर्षं खालच्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली. दार उघडलं की माती, एवढी एकच अट. पण एकदा लेकीनं, पुनमनं, सहज विचारलं, "मम्मी, आपण कधीच वर राहणार न्हाई का?" पुनमच्या आवाजात तक्रार नव्हती. वर राहणारी माणसं वेगळ्या जातीची असतात आणि आपण त्यातले नाही, हे तिनं मान्य करून टाकलेलं होतं. राजकन्याला ते लागलं. तिनंच हट्ट धरून चौथा मजला बघितला. पुनम बारावीच्या तयारीला लातूरला हॉस्टेलवर गेली, पण जायच्या आधी गच्चीवर उभी राहून तिनं गोदावरीच्या बाजूला बोट करून मैत्रिणीला फोनवर सांगितलं होतं, "आमच्या घरून सगळं दिसतं." त्या वाक्यासाठी राजकन्या चौथ्या मजल्यावर राहत होती. आता व्यंकट अधूनमधून म्हणायला लागला होता, "खाली बघू का एखादं घर? तुला त्रास होऊन राहिला तर." ती नको म्हणायची. मात्र हल्ली नको म्हणायला तिला आधीपेक्षा जास्त वेळ लागायचा.

श्रावण लागता लागता कॉलेजात दिपाली आली. पीएचडी करणारी, उदगीरची, सत्तावीस-अठ्ठावीसची, केसांत पेन खोचून विसरणारी मुलगी. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत वीस फूट लांब, काचेच्या भिंतींचा एक पाण्याचा पाट होता. पंप लावला की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं पाणी एकसारखं वाहायचं. त्या पाण्यात दिपाली एक गोल दांडा दोन स्प्रिंगांना टांगून सोडायची आणि त्याच्यापुढं निळ्या शाईची धार. राजकन्याचं काम पंप सांभाळायचं, स्प्रिंगा बदलायच्या आणि दिपालीला लागतील त्या मापाच्या रबराच्या पट्ट्या कापून द्यायच्या. या पट्ट्या दांड्याच्या पाठीला चिकटवायच्या, शेपटीसारख्या. राजकन्याला वाटायचं, शिकलेली माणसं काय काय करत बसतात! दांड्याला शेपूट लावून कुणाचं काय भलं होणार? पण तिच्या हाताला कापायचं वळण चांगलं होतं आणि दिपाली कुणालाही न विचारता तिला ताई म्हणायला लागली होती.

डाळ हलली त्या रविवारनंतरच्या मंगळवारी दांड्याला शेपूट नव्हतं. दिपालीनं पाणी हळू सोडलं. शाईची धार दांड्याला वळसा घालून पलीकडं गेली, दांडा जागच्या जागी. "वाढवा ताई, थोडं." राजकन्यानं चावी फिरवली. धार मागं तुटायला लागली. एक भोवरा डावीकडं सुटला, एक उजवीकडं, पुन्हा डावीकडं, आणि दांडा हलायला लागला. आधी केसभर, मग बोटभर. वाहतं पाणी सरळ, एकसारखं, आणि हा त्यात आडवा डुलतोय, अंगात आल्यासारखा. राजकन्यानं पाटाची लोखंडी चौकट धरली आणि तिचा हात तिथंच राहिला. मनगटाच्या हाडावरून पट्टा फिरत होता. तोच. गतीही तशीच, मधूनच जरा सैल पडून पुन्हा धरायची लकबही तशीच. तिला घरच्या भिंतीची ओल नाकात आल्यासारखी वाटली.

"अजून वाढवा," दिपाली म्हणाली. तिला काही दिसलं नव्हतं. राजकन्यानं डाव्या हातानं चावी फिरवली. पाणी जोरात धावायला लागलं आणि दांडा गपकन थांबला.

"थांबला?"

"थांबणारच ना ताई. भोवरे सुटायची एक चाल असते, दांड्याची डुलायची स्वतःची एक चाल असते. दोघांची जुळली की तो नाचतो. पाण्याचा जोर वाढला की चाल मोडली."

"जोर वाढल्यावर थांबतंय," राजकन्या स्वतःशीच म्हणाली. तिच्या डोक्यात मागचे दोन महिने सरकत होते. मागल्या आठवड्यात वादळ झालं, पत्रे उडाले, लाइट गेली, त्या दिवशी भिंत गप्प होती. तिला तेव्हा नवल वाटलं होतं. आणि लिंबाच्या फांद्या एकाच बाजूला कललेल्या असायच्या ते सगळे दिवस. "दिपाली मॅडम, हे वाऱ्यातबी होतं का?"

"वाऱ्यातच तर होतं. चिमण्या, खांब, विजेच्या तारा. गोल काहीही वाऱ्यात उभं करा. झोताचा वारा नाही लागत, एकसारखा वारा लागतो. का हो?"

राजकन्या स्टुलावर बसली. बसायच्या आधी तिनं काहीच केलं नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं. आणि मग ती बोलायला लागली. गोळ्यांचं, कोथिंबिरीचं, रोलरचं, सगळं उलटसुलट. पंप चालूच राहिला, शाई संपली. दिपालीनं मधे एकदाही "असं वाटतं कधीकधी" म्हटलं नाही. तिनं फक्त विचारलं, "तुमच्या घराच्या वर काय आहे?"

वर गच्ची होती. गच्चीवर, राजकन्याच्या आतल्या खोलीच्या बरोबर माथ्यावर, कठड्याच्या भिंतीला दोन क्लॅम्पांनी आवळलेला वीस फुटी लोखंडी पाइप होता, टोकाला इंटरनेटची थाळी. उन्हाळ्यात गच्चीला गळतीचा लेप दिला तेव्हा त्याला ओढून धरणारे तारांचे ताण कुणीतरी सोडले होते आणि पुन्हा बांधले नव्हते. तीन दिवस वारा पडलेला होता. राजकन्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं की भिंत हलावी. चौथ्या दिवशी पाच वाजता लिंबाच्या फांद्या कलल्या. ती आणि दिपाली गच्चीवर गेल्या. लांबून पाइप सरळच दिसत होता. जवळ जाऊन बघितलं तेव्हा त्याची कड पुसट झाली होती, घाईत काढलेल्या फोटोसारखी. राजकन्यानं दोन्ही हातांनी तो धरला. थरथर हातांतून कोपरांत आली, खांद्यांत आली, दातांत आली. तिनं सोडला नाही. तिनं कपाळ त्याला टेकवलं. "मी न्हाई," ती म्हणाली, "हा हाय. मी न्हाई." वारा कानांत भरत होता, दिपाली काहीतरी बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. राजकन्या हसत होती की रडत होती ते दिपालीला कळलं नाही, तिनं आपली तिची ओढणी धरून ठेवली.

व्यंकटला तिनं काही समजावलं नाही. तो ऑफिसातून आला तसा त्याला वर नेलं आणि त्याचा हात धरून पाइपावर ठेवला. त्याच्या पाठीवर डब्याची पिशवी तशीच होती. "दोन महिने," तो म्हणाला आणि त्यानं दुसराही हात पाइपावर ठेवला, तो थांबवता येतो का बघत असल्यासारखा. त्या संध्याकाळी त्यानं फडताळातल्या गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना विचारून बंद करायचं ठरवलं, आणि ते ठरवल्याचं तिला दोनदा सांगितलं.

अप्पांनी मात्र ऐकलं नाही. ताण बांधायला भोकं पाडायची म्हणजे लेपाला भोकं, गळतीचं खापर पुन्हा अप्पांच्या डोक्यावर. पाइप काढायचा म्हणजे अख्ख्या इमारतीचं इंटरनेट बंद. कंपनीला फोन केला तर माणूस पुढल्या महिन्यात येणार. "आणि हलतो म्हणून काय झालं?" अप्पा म्हणाले. "मी तुझ्या खालीच राहतो. मला तर कधी काही जाणवलं न्हाई. तू जरा मनाला सांभाळ, यव्वा." त्यांनी ते हळू आवाजात, समजुतीनं सांगितलं. राजकन्यानं ओढणी कमरेला खोचली. पण ती एवढंच म्हणाली, "भोक पाडत न्हाई. काढतबी न्हाई. शेपूट लावू द्या."

"शेपूट?" अप्पांनी चष्मा काढला.

वारा काही पाण्यासारखा एकाच बाजूनं येत नाही, म्हणून शेपूट फिरतं हवं, हे राजकन्यालाच सुचलं. पाइपाहून जरा मोठ्या प्लास्टिकच्या नळीचे तीन तुकडे, उभे चिरून पाइपावर सैल बसवायचे, खाली टेकायला कडं, आणि प्रत्येकाच्या पाठीला रबराची पट्टी. वारा जिकडं नेईल तिकडं नळी फिरेल, पट्टी मागं राहील. देगलूर नाक्यावरून तिनं ट्रकच्या चाकामागं लावतात ते जाड रबर आणलं. व्यंकटनं शिडी धरली, ती चढली. वरून पहिल्यांदा तिला नदीचा सगळा वळसा दिसला. रविवारी सकाळीच वारा आला आणि पाइप थांबायच्याऐवजी असा डुलायला लागला की टोकाची थाळी वाजू लागली. जाड, लांब शेपूट वाऱ्यानं एका अंगाला ढकललं की पाइपालाही घेऊन जात होतं. खालून अप्पांची हाक आली. ते आपल्या गॅलरीत उघडेबंब उभे होते, हातात चहाचा कप, कप बशीवर कटकट वाजत होता.

"राजकन्या! माझी खाट हलून राहिली गं!"

"जाणवलं का अप्पा?" ती कठड्यावरून ओरडली.

"जाणवलं म्हणजे? दात वाजून राहिले!"

व्यंकट शिडी सोडून खाली बसून हसायला लागला. तिलाही हसू आवरेना. शेपूट फसलं होतं आणि तिला आनंद झाला होता. आता तिच्यासोबत अजून एका माणसाला भिंत हललेली कळली होती. अप्पांनी त्या दिवसानंतर विरोध केला नाही. उलट संध्याकाळी खुर्चीवरून ओरडून विचारायचे, "काय ठरलं शेपटाचं?"

पुढचे पंधरा दिवस ती कॉलेज सुटल्यावर पाटाजवळ थांबायची. दिपाली शाई सोडायची, ती पट्टी कापायची. ताठ पट्टी दांड्याला ओढून नेते, हे आता दोघींनाही माहीत होतं. फार मऊ पट्टी नुसतीच फडफडते, भोवरे तिला जुमानत नाहीत. सायकलची ट्यूब चिरून बघितली, हॉस्पिटलातला एक्स-रेचा कागद बघितला. लांबीतून दरवेळी बोटाच्या पेराएवढं कमी. राजकन्या डोळे मिटून चौकटीवर तळवा ठेवायची आणि सांगायची, "अजून हाय. बारीक हाय." दांड्याला लावलेल्या यंत्राचा आकडा नंतर यायचा आणि तेच सांगायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा दिपालीनं आकड्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "ताई, तुमचा हात म्हणजे…" ती म्हणाली आणि तिनं पेन केसांत खोचलं. राजकन्या आपल्या तळव्याकडं बघत राहिली. मिरची चिरून काळी पडलेली रेघ, आयटीआयमधला कानशीचा वण. या हाताची तिला इतकी वर्षं लाज वाटत आली होती. शुक्रवारी दांड्याच्या जाडीच्या दीडपटीएवढी, स्कूटरच्या ट्यूबची एक पट्टी लावली आणि पाणी वाढवलं. डावीकडचं आणि उजवीकडचं पाणी एकमेकांकडं वळायला लागलं की मधे पट्टी यायची, पाण्यासोबत जराशी वाकायची, त्यांना पुढं लावून द्यायची. भोवरे सुटले, पण लांब, निवळून. दांडा उभा. राजकन्यानं तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. "न्हाई," ती म्हणाली.

गच्चीवर त्याच मापानं तीन शेपटं बसली. खालून बघितलं तर पाइपावर तीन काळे पक्षी एका रांगेत बसल्यासारखे दिसायचे, वारा फिरला की तिघंही सोबत फिरायचे. भाद्रपदात एकसारखा वारा आठ-दहा दिवस वाहिला. त्या दिवसांत ती आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायची, आधी परीक्षा बघायला म्हणून, नंतर नुसतीच. पुनमचा लातूरहून फोन आला की फिरत फिरत बोलायची. "मम्मी, तू हल्ली फोनवर इतकी कशी बोलतेस?" पुनमनं विचारलं. राजकन्याच्या डोक्यात एक माणूस कायम दाराशी उभा राहून बाहेर कान देत असायचा, तो आत येऊन बसला होता.

दसऱ्यानंतर, सकाळी सातच्या सुमाराला ती पोळ्या लाटत होती. आणि आलं. पहिल्या क्षणाला तिला कळलं. हे वरून नव्हतं. भिंतीतून नव्हतं. खोल खालून, तळपायांतून, एखाद्या मोठ्या वजनानं कूस बदलल्यासारखं. तिनं गॅस बंद केला. ओरडली नाही. "व्यंकट," ती नवऱ्याला लग्नानंतर पहिल्यांदाच नावानं म्हणाली, "हे खरं हाय. खाली चला." तो आंघोळीचा टॉवेल गुंडाळूनच निघाला. ती प्रत्येक दारावर थाप मारत गेली, "भूकंप हाय. घाई नका करू, पण खाली चला," आणि दारं उघडत गेली. कुणी हसलं नाही. कुणी "नक्की का?" विचारलं नाही. पाठीमागं माणसं शिस्तीत उतरत होती, कुणाच्या तोंडात ब्रश, कुणाच्या कडेवर लेकरू. धक्का छोटाच होता, चार-पाच सेकंदांचा. पुढं कळलं की कुठं पडझड झाली नाही, हिंगोलीकडंही जाणवला, एवढंच. पण तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं. सगळे लिंबाखाली गोळा झाले आणि तिच्याकडं बघायला लागले. ती माणसं मोजत होती. अप्पा नव्हते. तिसऱ्या मजल्यावर थाप मारली होती, आतून "आलो, आलो" ऐकलं होतं.

ती वळली आणि जिना चढायला लागली. व्यंकटनं हाक मारली ती तिला ऐकू आली. पाय तिचं ऐकत होते. अप्पांचं दार उघडंच होतं. अप्पा खाटेवर बसून गादी उचकत होते.

"सदरा सापडंना, यव्वा. उघड्या अंगानं बायामाणसांत कसा येऊ?"

सदरा खुंटीवर टॉवेलाखाली होता. तिनं तो त्यांच्या अंगात घातला, वरची दोन बटणं लावली, काठी दिली आणि त्यांचं कोपर धरलं. एक पायरी, मग दुसरा पाय त्याच पायरीवर, मग पुढची. अशा चालीनं ती कुठलाही जिना कधी उतरली नव्हती. मधल्या वळणावर अप्पा दम घ्यायला थांबले. जाळीच्या खिडकीतून ऊन पायऱ्यांवर पडलं होतं, खाली माणसांचा गलबला, कुणीतरी वर तोंड करून "आले का?" विचारत होतं.

"पुन्हा येईल का गं?"

"येईल न्हाईतर न्हाई. सावकाश चला तुमी."

अप्पांनी तिच्याकडं नीट बघितलं. एवढ्या महिन्यांत त्यांनी किल्लारीचं एक अक्षर विचारलं नव्हतं. "तुझी माय तिथंच गेली ना, राजकन्या? नाव काय होतं?"

"केवळाबाई." ते नाव तोंडातून निघालं आणि जिन्यात घुमलं. किती तरी वर्षांत तिनं ते फक्त फॉर्मवर लिहिलं होतं.

"कशी होती?"

ती एक पायरी उतरली. काय सांगावं ते शोधावं लागलं नाही, आईचं रूपच आपोआप वर आलं, माती नसलेलं, लुगड्याचा बोंगा खोचलेलं, तोंडाळ. "लई भांडायची, अप्पा."

"कुणाशी?"

"समद्यांशी. आडावर नंबरावरून, एसटीच्या कंडक्टरशी, बाजारात बांगडीवाल्याशी. एकदा तर शेतात बैलाशी भांडत होती. तो वळंना म्हणून त्याच्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी. बाप म्हणायचा, अगं त्याला बोलता येत न्हाई."

अप्पांना असं हसू फुटलं की त्यांना कठडा धरून पायरीवर बसावं लागलं. ते डोळे पुसत राहिले आणि ती त्यांच्या शेजारी, त्याच पायरीवर टेकली.

"मग? जिंकायची का?"

"रोज," राजकन्या म्हणाली, आणि उठून तिनं त्यांना पुढच्या पायरीसाठी हात दिला.